मशीनवर शून्य, स्टिअरिंगमध्ये थरथर

बॅलन्सिंगच्या मशीनवर दोन्ही बाजूंना शून्य आलं, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं वाटलं गेलं. चाक गोल आहे की नाही, हे तो आकडा सांगत नाही. आपण मात्र दोन्ही एकच धरून चालतो आणि ताशी ९० च्या पुढे स्टिअरिंग थरथरलं की पुन्हा बॅलन्सिंगलाच जातो. मी तीनदा गेलोय.

वजनाचा दोष समजायला सोपा. १६ इंची रिमच्या कडेला १० ग्रॅम जास्त असले, तर ताशी ५० ला ते चाकाला जेमतेम ४०० ग्रॅमच्या जोराने ओढतात. १०० ला तोच जोर दीड किलोवर जातो. वेग दुप्पट, जोर चौपट. समोरच्या बाजूला तेवढंच वजन चिकटवलं की काम झालं.

गोलाईचा दोष मात्र वजन चिकटवून जात नाही. कारचा टायर १ मिमी दाबायला साधारण वीसेक किलोचा जोर लागतो. म्हणजे एका जागी टायर मिलिमीटरभर उंच असला, तर दर फेरीला तेवढा धक्का हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला, बसतो. दीड किलो कुठे नि वीस कुठे! हा धक्का हळू चालवतानाही असतोच. पण ताशी १०० ला चाक सेकंदाला सुमारे १४ फेऱ्या घेतं, आणि सस्पेन्शनवरचं चाक स्वतःही साधारण त्याच तालात उसळू पाहतं, म्हणून तिथे तो जाणवतो. टायर दिसायला गोल, पण एका जागी जास्त कडक असला तरी हेच होतं. साध्या मशीनवर चाक हवेत फिरतं, भाराविना. त्याला हे कळणार कसं? त्यासाठी टायरवर रोलर दाबून मोजणारं मशीन लागतं.

उंचवटा घरीही सापडतो. गाडी स्टँडवर नीट टेकवा, ट्रेडजवळ, म्हणजे टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या पृष्ठभागाजवळ, खडू स्थिर धरा आणि चाक हाताने फिरवा. फट कमी-जास्त होत असेल, तर तेच रिमच्या कडेशी करून बघा, आतल्या कडेलाही. खड्ड्यात आपटलेली रिम बऱ्याचदा आतूनच वाकलेली असते. रिम सरळ निघाली तर दोष टायरचा. दोन्ही गोलाईत थोडे थोडे आउट असतील, तर टायर रिमवर फिरवून त्याची उंच जागा रिमच्या खोलगट जागेवर आणता येते.

थरथर फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल, तर आधी डिस्क बघा.

माझ्या गाडीत टायर-रिम दोन्ही ठीक निघाले. मशीन चाकाला मधल्या भोकात शंकू घालून केंद्रात धरतं; गाडीवर ते हबवर बसतं. बाहेरून घेतलेल्या अलॉय रिमचं भोक हबपेक्षा मोठं होतं आणि मधली फट भरणारी प्लास्टिकची रिंग कुणीतरी टायर बदलताना परत बसवलीच नव्हती. म्हणून मशीनवर केंद्रात असलेलं चाक गाडीवर केंद्रात बसत नव्हतं.