स्टेज १, पण मानेत गाठी: थायरॉइड कॅन्सरच्या स्टेजमध्ये वय आले कुठून?

ऑपरेशननंतर अठ्ठावीस वर्षांच्या मुलीच्या हातात रिपोर्ट येतो. पॅपिलरी कार्सिनोमा (थायरॉइड कॅन्सरचा सर्वात जास्त आढळणारा प्रकार), टी२, एन१बी, एम०. स्टेज १. यातल्या एन१बीचा अर्थ असा की आजार मानेच्या बाजूच्या लिम्फ नोडपर्यंत पोचला आहे. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये लिम्फ नोडमध्ये आजार सापडला की तिसरी स्टेज धरतात, मग इथे पहिली कशी? टायपिंगची चूक असेल असे घरच्यांना वाटते. चूक नसते. या एका आकड्यामागे बराच मोठा इतिहास आहे आणि तो माहीत नसला की माणसे एकतर उगाच घाबरतात, नाहीतर फार लवकर निर्धास्त होतात.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सर्जन एका कोड्यात अडकले होते. तरुण पेशंटच्या मानेच्या बाजूला गाठ यायची, ती काढून तपासली की आत थायरॉइडच्या पेशी दिसायच्या आणि पेशंट पुढे कित्येक वर्षे ठणठणीत असायचा. कॅन्सर पसरलेला माणूस इतका जगेल, हे कुणाच्या मनाला पटेना. म्हणून अशी समजूत रूढ झाली की गर्भात थायरॉइड तयार होताना तिचा एखादा तुकडा वाट चुकून बाजूला राहिला असावा. १९४०च्या दशकात अशा पेशंटची मूळ थायरॉइड ग्रंथी बारकाईने तपासली जाऊ लागली, तेव्हा तिच्यात लहानसा पॅपिलरी कॅन्सर सापडू लागला. बाजूची गाठ म्हणजे त्याच कॅन्सरचा पसरलेला भाग होता. या आजाराचा तरुणांमधला सौम्यपणा इतका ठळक होता की कॅन्सर म्हणून तो ओळखूच आला नाही!

पुढे १९५३ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकच्या क्राइल आणि हॅझर्ड यांनी पेशंटचे वय आणि या आजाराची वाटचाल यांचा संबंध थेट मांडला. दरम्यान फ्रान्समध्ये पिएर देन्वा यांनी टीएनएम पद्धत उभी केली होती: गाठ केवढी (टी), लिम्फ नोडमध्ये आहे का (एन), दूर पसरली आहे का (एम). बहुतेक कॅन्सरना एवढे पुरते. थायरॉइडला ते पुरेना. १९८३ पासून अमेरिकेच्या एजेसीसी या कॅन्सरच्या स्टेज ठरवणाऱ्या संस्थेच्या वर्गवारीत ४५ वर्षांची सीमारेषा आली; त्याआतल्यांची स्टेज कमी धरली जाई. मेयो क्लिनिकच्या १९९३ च्या मॅसिस गुणांकनात (जितके गुण जास्त, तितका जिवाचा धोका जास्त) तर चाळिशीच्या आतल्या प्रत्येकाला वयाचे सरसकट ३.१ गुण आहेत आणि चाळिशीपासून वयाला ०.०८ ने गुणायचे. म्हणजे साठीच्या पेशंटचे वयाचेच ४.८ गुण होतात.

पुढे ४५ ची रेषा फार कमी वयावर ओढली गेल्याचे दिसू लागले. दहा केंद्रांतल्या ९,४८४ पेशंटच्या अभ्यासात ती ५५ वर नेल्यावर सुमारे १२ टक्के लोकांची स्टेज खाली आली. २०१६ मध्ये प्रसिद्ध होऊन २०१८ पासून लागू झालेल्या आठव्या आवृत्तीत म्हणून ५५ आले. निदानाच्या वेळी वय ५५ च्या आत असेल, तर पॅपिलरी आणि फॉलिक्युलर प्रकारांत दोनच स्टेज उरतात: दूरच्या अवयवात आजार नसेल तर पहिली, असेल तर दुसरी. मेड्युलरी प्रकारात वय धरत नाहीत. अ‍ॅनाप्लास्टिक हा अतिशय आक्रमक प्रकार कोणत्याही वयात चौथीच.

फुफ्फुसात पसरलेला तोच आजार चोपन्नाव्या वर्षी स्टेज २ आणि पंचावन्नाव्या वर्षी ४बी ठरतो. शरीरात एका वाढदिवसाने असे काही उलटत नाही. मृत्यूचा धोका वयाबरोबर सलग वाढत जातो, मध्ये पायरी नाही, असे दाखवणारा अभ्यासही २०१६ मध्येच आला. रेषा सोयीसाठी आहे, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

तरुणांना हे झुकते माप का मिळते? त्यांच्या कॅन्सरपेशी बहुधा आयोडीन चांगले ओढून घेतात, त्यामुळे १९४० च्या दशकापासून वापरात असलेले किरणोत्सारी आयोडीन फुफ्फुसातल्या बारीक ठिपक्यांपर्यंतही पोचते. आजाराला आक्रमक करणारा टर्ट जनुकातला बदल उतारवयात जास्त आढळतो, मुलांमध्ये क्वचित. चेर्नोबिलच्या १९८६ च्या दुर्घटनेनंतर याची फार दुःखद परीक्षा झाली. बाधित प्रदेशांत लहान वयात किरणोत्सर्ग झालेल्यांमध्ये १९९१ ते २००५ या काळात थायरॉइड कॅन्सरच्या ६,८४८ नोंदी झाल्या. त्यांतले १५ जण २००५ पर्यंत दगावले.

मात्र स्टेज फक्त जिवाच्या धोक्याविषयी बोलते. आजार परत येईल का, याविषयी ती काहीच सांगत नाही. मुलांमध्ये आणि किशोरांमध्ये तर लिम्फ नोडमध्ये पसरणे आणि पुन्हा उद्भवणे उलट जास्त दिसते. म्हणून अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने २००९ मध्ये परत येण्याच्या धोक्याची वेगळी वर्गवारी दिली आणि २०१५ मध्ये उपचारांना मिळालेल्या प्रतिसादावरून ती पुन्हा ठरवण्याची रीत तिला जोडली. अठ्ठावीस वर्षांच्या त्या मुलीची स्टेज १ पुढे कधी बदलणार नाही. पण संपूर्ण ग्रंथी काढून आयोडीन दिल्यानंतर तिच्या रक्तातले थायरोग्लोब्युलिन (थायरॉइडच्या पेशीच बनवतात ते प्रथिन) किती उरते आणि मानेच्या सोनोग्राफीत काय दिसते, यावर तिचा धोका दर वेळी नव्याने मोजला जाईल.