हार्डवेअर वॉलेटचा पिन आणि पासफ्रेज: कोणता विसरलेला चालतो?

हार्डवेअर वॉलेट म्हणजे बिटकॉइनसारख्या नाण्यांच्या किल्ल्या जपणारे छोटे डिव्हाइस. त्याला पिन असतो आणि हवा असेल तर पासफ्रेज, म्हणजे आपण ठरवलेला गुप्त मजकूर, हाही लावता येतो. दोन्ही टाइप करायचे, दोन्ही गुप्त ठेवायचे, म्हणून पासफ्रेज म्हणजे जरा लांबलचक पिन असा समज सहज होतो. त्यातून नेमकी उलटी काळजी घेतली जाते: पिन वहीत जपून लिहिला जातो आणि पासफ्रेज डोक्यात ठेवला जातो.

पिनचा संबंध फक्त हातातल्या डिव्हाइसशी. चोराने ते उचलले तर त्याला अंदाज बांधत बसता येऊ नये, एवढेच त्याचे काम. लेजर या ब्रँडच्या डिव्हाइसवर सलग तीनदा पिन चुकला की डिव्हाइस स्वतःला कोरे करते. ट्रेझर वनवर प्रत्येक चुकीनंतर थांबण्याचा वेळ दुप्पट होतो आणि १६ चुकांनंतर सगळे पुसले जाते. कोल्डकार्ड १३ चुकांनंतर कायमचे निकामी होते. यांतले काहीही झाले तरी नाणी कुठे जात नाहीत. सीडचे, म्हणजे वॉलेट पुन्हा उभे करून देणारे, १२ किंवा २४ शब्द कागदावर किंवा स्टीलच्या पट्टीवर असतील, तर नव्या डिव्हाइसवर ते भरायचे, नवा पिन ठेवायचा आणि काम पुढे चालू.

पासफ्रेजचे गणित वेगळे आहे. तो कशालाच कुलूप लावत नाही. तो सीडमध्ये मिसळला जातो. बीआयपी-३९ या मानकानुसार सीडचे शब्द आणि पासफ्रेज एकत्र करून त्यांवर २,०४८ फेऱ्यांची प्रक्रिया होते, आणि त्यातून जो ५१२ बिटांचा आकडा निघतो त्यावरून नाणी खर्च करू देणाऱ्या सगळ्या खासगी किल्ल्या तयार होतात. पासफ्रेजमधले एक अक्षर बदलले तरी संपूर्ण वेगळे वॉलेट उघडते. म्हणूनच ‘पासफ्रेज चुकला’ असा संदेश कधी येत नाही. चुकीचा पासफ्रेजही चालतो, फक्त समोर शून्य शिल्लक असलेले वॉलेट येते. कॅपिटल अक्षर, शेवटी चुकून पडलेली स्पेस, स्पेसऐवजी हायफन, सगळे मोजले जाते.

आणखी एक गैरसमज: पासफ्रेज चालू केला की आधीची नाणी आपोआप सुरक्षित होतात. होत नाहीत. ती बिनपासफ्रेजच्या वॉलेटातच राहतात. नेहमीसारखा व्यवहार करून, शुल्क भरून ती नव्या पत्त्यावर पाठवावी लागतात.

मग ही कटकट कशासाठी? जानेवारी २०२० मध्ये क्रॅकेन या क्रिप्टो एक्स्चेंजच्या सुरक्षा विभागाने दाखवून दिले, की ट्रेझर वन किंवा मॉडेल टी सुमारे १५ मिनिटे हातात मिळाले तर चिपच्या विद्युतदाबात गडबड करून आतले सीड काढता येते. पिनने ते थांबले नाही. पासफ्रेज लावलेले वॉलेट मात्र वाचते, कारण तो डिव्हाइसमध्ये साठवलेलाच नसतो. सीडचा कागद कुणाच्या हाती लागला तरी हेच लागू. अट एकच, पासफ्रेज दमदार हवा. चार अंकी पासफ्रेज म्हणजे जेमतेम १०,००० शक्यता. सीड हाती असलेल्याला त्या संगणकावर तपासायला वेळ लागत नाही, आणि इथे चुका मोजून पुसून टाकणारे डिव्हाइसही आड येत नाही. ७,७७६ शब्दांच्या डाइसवेअर यादीतून फासे टाकून सहा शब्द निवडले तर सुमारे ७७ बिटांची ताकद मिळते, म्हणजे २ च्या ७७व्या घाताइतक्या शक्यता. फक्त छोटी इंग्रजी अक्षरे, शब्दांमध्ये एकच स्पेस, एवढा नियम पाळा. देवनागरी बहुतेक डिव्हाइसवर टाइपच करता येत नाही. लांबीची मर्यादाही बघा: ट्रेझरवर ५० अक्षरे, लेजरवर १००.

तेव्हा पासफ्रेज लिहूनच ठेवा, पण सीडच्या कागदापासून दूर, दुसऱ्या जागी. दोन्ही एकाच पाकिटात असतील तर लावून उपयोग काय? सोबत मास्टर फिंगरप्रिंट, म्हणजे त्या वॉलेटची आठ अक्षरी ओळख, टिपून ठेवा. पुढे पासफ्रेज टाकल्यावर तीच आठ अक्षरे दिसली की वॉलेट बरोबर. ही नोंद सीडजवळ मात्र नको. सीड सापडलेल्याला पासफ्रेज असल्याचा सुगावा लागतो आणि अंदाज ताडून बघायची सोयही होते.

मोठी रक्कम टाकण्याआधी एक तालीम आवश्यक आहे. पासफ्रेजच्या वॉलेटात किरकोळ रक्कम पाठवा, डिव्हाइस पूर्ण कोरे करा, आठवणीतून नव्हे तर लिहिलेल्या कागदांवरूनच सीड आणि पासफ्रेज पुन्हा भरा, फिंगरप्रिंट जुळवा आणि ती रक्कम बाहेर पाठवून पाहा.

गोंधळ वाढवणारी एक सोय लेजरवर आहे. तिथे पासफ्रेज दुसऱ्या पिनला जोडता येतो. मग तो पिन टाकला की थेट लपलेले वॉलेट उघडते. रोजच्या वापराला हे सोपे खरे, पण अशा वेळी पासफ्रेज डिव्हाइसमध्येच साठतो आणि वर्षानुवर्षे तो टाइप करायची वेळच येत नाही. डिव्हाइस कोरे झाले की ही जोडणीही जाते. सीडमधून ती परत येत नाही. मूळ पासफ्रेजच लागतो. दीर्घकाळासाठी ठेवायचे असेल तर ही सोय न वापरलेली बरी.

कधी शून्य शिल्लक दिसलीच, तर आधी बिनपासफ्रेजचे वॉलेट उघडून पाहा. मग पत्त्याचा प्रकार तपासा: बिटकॉइनमध्ये लेगसी, सेगविट, टॅपरूट या प्रकारांची खाती वेगवेगळी असतात. त्यानंतर कॅपिटल अक्षरे आणि स्पेस बदलून पाहा. पासफ्रेज बराचसा आठवत असेल तर बीटीसीरिकव्हर हे मुक्त साधन जवळपासच्या शक्यता चाळते. ते इंटरनेट तोडलेल्या संगणकावरच चालवा. सीडचे शब्द मागणाऱ्या कुठल्याही ‘रिकव्हरी’ संकेतस्थळावर ते टाकू नका.