उन्हाळी कोशिंबीर (सोलापूर)

उन्हाळी कोशिंबीर : काकडी, कांदा, कैरी, डाळिंब, कलिंगड अशी रसदार भाज्या-फळे कच्चीच चिरून, चोचवून किंवा किसून, त्यांत मीठ, मिरची, दाण्याचे कूट, लिंबू किंवा दही आणि बहुधा वरून फोडणी घालून केलेले तोंडीलावणे. सोलापूर शहरात व जिल्ह्यात फाल्गुन सरल्यापासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत दुपारच्या ताटात ते जवळजवळ रोज असते. एप्रिल-मेमध्ये येथील कमाल तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि हवा कोरडी ठणठणीत असते. अशा दुपारी ज्वारीची भाकरी नुसत्या चटणीबरोबर घशाखाली उतरत नाही. सोबत काहीतरी गार, ओलसर लागतेच. ही कोशिंबीर करायला सोपी समजली जाते, पण ती बिघडतेही पटकन, आणि बिघाड बहुतेक वेळा एकच असतो : पाणी सुटणे. भाजीतले पाणी दाताखाली येईपर्यंत भाजीतच राहावे, एवढ्यासाठीच पुढचा सगळा क्रम आहे.

जिन्नस आणि त्यांची निवड

काकडीत सुमारे ९५ टक्के, कलिंगडात ९० टक्क्यांहून थोडे जास्त आणि डाळिंबाच्या दाण्यांत पाऊणशे टक्क्यांच्या पुढे पाणी असते. म्हणून कोशिंबिरीचा कणा काकडी असली, तरी तिला सावरून धरायला कमी पाण्याचा एखादा जिन्नस लागतो. ते काम दाण्याचे कूट, भिजवलेली डाळ किंवा ओले खोबरे करते.

मंडईत पोपटी सालीची गावरान काकडी आणि गर्द हिरवी खिरा अशा दोन्ही मिळतात. कोशिंबिरीला कोवळी, वीतभर लांबीची, दोन्ही टोकांना टणक अशी घ्यावी. देठाजवळ दाबून पाहावे : तिथे मऊ लागली तर ती तोडून दोन-तीन दिवस झालेले असतात. पिवळी पडलेली, पोट सुटलेली काकडी जून असते. तिच्या बिया आणि बियांभोवतीचा गर काढून टाकावाच लागतो.

डाळिंब हे सोलापूरचे स्वतःचे फळ. ‘सोलापूर डाळिंबा’ला भौगोलिक मानांकन आहे, आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही २००५ पासून सोलापुरातच आहे. बागायतदार मृग, हस्त आणि आंबे असे तीन बहार, म्हणजे फुलोऱ्याचे हंगाम, धरतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी बाजारात येतो तो मुख्यतः हस्त बहाराचा माल, साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. मे महिन्यात चांगले फळ निवडून घ्यावे लागते. आकाराच्या मानाने जड, गोलाई मोडून अंगाला पैलू पडल्यासारखे दिसणारे फळ भरलेले असते. साल थोडी सुकली, खरबरीत दिसली तरी चालते. जाड सालीमुळे आतला रस टिकतो. ‘भगवा’ जातीचे दाणे गर्द लाल आणि बी मऊ, तर ‘गणेश’चे दाणे फिकट गुलाबी, बी त्याहून मऊ. कोशिंबिरीत दोन्ही चालतात. कडक बियांचे डाळिंब मात्र रसालाच ठेवावे.

डाळिंब सोलताना वरचा मुकुट गोल कापून काढावा, आतल्या पांढऱ्या पडद्यांच्या रेषेवर सालीला उभ्या चिरा द्याव्यात आणि फळ हाताने उकलावे. सुरी आरपार घातली की दाणे फुटतात, रस वाया जातो, आणि हाच रस नंतर कोशिंबीर लाल-करडी करतो. उकललेले तुकडे पातेल्यातल्या पाण्यात बुडवून दाणे सुटे केले तर दाणे तळाशी बसतात आणि पडदे वर तरंगतात. पडद्यांत टॅनिन असते. चुकून राहिलेला एक तुकडाही घास तुरट करतो. काही फळे बाहेरून निरोगी दिसूनही आतून काळी निघतात, म्हणून दाणे थेट कोशिंबिरीत न पाडता आधी वेगळ्या वाटीत काढावेत.

कांदा मुबलक. सोलापूरची सिद्धेश्वर बाजार समिती कांद्याच्या मोठ्या बाजारांपैकी एक आहे. उन्हाळ्यातला सुकवलेला कांदा मात्र उग्र असतो. बारीक चिरून दहा मिनिटे गार पाण्यात ठेवून, घट्ट पिळून घेतला की झणका उतरतो. भाकरीबरोबर बुक्कीने फोडून खायचा कांदा वेगळा, तिथे तो झणकाच हवा असतो.

मूळ कृती

चार माणसांसाठी : काकडी ३०० ग्रॅम (मध्यम दोन), कांदा एक लहान, डाळिंबाचे दाणे अर्धी वाटी, किसलेली कैरी दोन मोठे चमचे, हिरव्या मिरच्या दोन, भाजलेल्या दाण्याचे जाडसर कूट तीन मोठे चमचे, मीठ पाऊण लहान चमचा, साखर अर्धा लहान चमचा, मूठभर कोथिंबीर. फोडणीला एक मोठा चमचा शेंगदाण्याचे तेल, अर्धा लहान चमचा मोहरी, चिमूटभर हिंग, पाच-सहा कढीपत्त्याची पाने. हळद घालायची नाही. काकडीचा रंग मळतो.

काकडी धुऊन, दोन्ही टोके कापून, देठाकडची एक चकती चाखून पाहावी. मग ती चोचवावी : सोललेली काकडी डाव्या हातात उभी धरून धारदार सुरीने तिच्यावर उभे-आडवे जवळजवळ घाव घालायचे आणि मग वरून पातळ काप काढत जायचे. पडतात ते तुकडे तांदळाएवढे, कडा धारदार आणि मधला भाग अख्खा. किसणीवर काकडीच्या पेशी चिरडतात आणि निम्मे पाणी तिथेच जाते. हात बसलेला नसेल तर विळीवर बारीक फोडी कराव्यात, पण किसू नये.

मिरची, मीठ, साखर आणि कैरीचा कीस एका वाटीत बोटांनी चुरून पाच मिनिटे ठेवावा. कैरीला आणि मिरचीला इथेच रस सुटतो आणि मीठ त्यात विरघळते, त्यामुळे काकडीत मिठाचे खडे पडत नाहीत. फोडणी करून बाजूला निवत ठेवावी. पाने घेतल्यावर, म्हणजे ताटे मांडून झाल्यावर, काकडी, पिळलेला कांदा आणि वाटीतले मिश्रण एकत्र करावे, वर कोमट फोडणी, मग कूट, आणि सर्वांत शेवटी डाळिंबाचे दाणे व कोथिंबीर. दाणे घातल्यावर डाव फक्त एक-दोनदा फिरवावा.

मीठ आधी घातले की ते पेशींतले पाणी बाहेर ओढते. ३०० ग्रॅम काकडीला अर्धा चमचा मीठ लावून पंधरा मिनिटे ठेवले तर तळाशी चार-पाच चमचे पाणी जमते, फोडी लिबलिबीत होतात आणि कूट त्या पाण्यात भिजून चिखल होतो. पंगतीचा स्वयंपाक किंवा डबा असेल, कोशिंबीर तासभर आधी करावी लागणार असेल, तर उलट वाट धरतात. मुद्दाम मीठ लावून वीस मिनिटे ठेवायचे, पाणी हलक्या हाताने पिळून काढायचे आणि मग बाकीचे घालायचे. अशी कोशिंबीर कमी करकरीत, पण टिकाऊ. पिळलेले पाणी टाकून देऊ नये; ते ताकात घातले की ताकाला वेगळे मीठ लागत नाही.

कूट

शेंगदाणे मंद आचेवर आठ-दहा मिनिटे, सालीवर काळे ठिपके येईपर्यंत भाजून पूर्ण गार करावेत, साली काढून खलबत्त्यात अर्धवट कुटावेत. गरम दाणे मिक्सरला लावले की तेल सुटून गोळा होतो. सोलापुरी शेंगा चटणीत दाणे तेल सुटेपर्यंत कुटणे हेच कसब. कोशिंबिरीच्या कुटाला नेमके तेच चालत नाही, ते रव्यासारखे सुटे हवे. उन्हाळ्यात कूट आठ-दहा दिवसांचेच करून ठेवावे. उकाड्यात दाण्याचे तेल लवकर खवट होते आणि चमचाभर खवट कूट सगळे पातेले बाद करते. काही घरांत दाण्याऐवजी कारळ्याचे कूट घालतात. चव रांगडी होते आणि रंग काळपट, त्यामुळे ते कांदा-काकडीला शोभते, फळांना नाही.

दही

दह्याची कोशिंबीर हवी असेल तर कैरी आणि लिंबू दोन्ही वगळावेत, नाहीतर आंबटावर आंबट होते. सोलापूरच्या मे महिन्यात दही चार-पाच तासांत लागते आणि तेवढ्याच वेगाने आंबते. रात्री विरजलेले दही बाहेरच राहिले तर सकाळी पाणी सोडून आंबट ढाण झालेले असते. दुपारच्या कोशिंबिरीसाठी पहाटे विरजण लावावे, किंवा रात्रीचे दही लागताच फ्रीजमध्ये ठेवावे. वरील प्रमाणाला पाऊण वाटी दही पुरते. ते आधी पंचात अर्धा तास टांगावे. फोडणी दह्यात कडकडीत ओतू नये, दही फाटल्यासारखे कणीदार होते.

भांडे स्टीलचे, काचेचे किंवा चिनी मातीचे. कल्हई नसलेल्या पितळेत किंवा तांब्यात दही, लिंबू, कैरी कळकते. अशी कोशिंबीर खाल्ल्यास मळमळ व उलट्या होतात. लोखंडी विळीवर डाळिंब, कैरी कापल्यास टॅनिनची लोहाशी क्रिया होऊन काप काळे पडतात. त्याने अपाय नाही, पण ताट कळाहीन दिसते.

प्रकार

अक्कलकोट, दक्षिण सोलापूर या कानडी बोलणाऱ्या पट्ट्यात कोसंबरी करतात. अर्धी वाटी मूगडाळ दीड-दोन तास भिजवून चाळणीत दहा मिनिटे निथळवायची, त्यात २०० ग्रॅम काकडी, दोन चमचे ओले खोबरे, चमचाभर कैरी आणि मोहरी-हिंग-सुक्या मिरचीची फोडणी. डाळ नखाने तुटावी, पण पिठूळ नसावी. उन्हाळ्यात ती तीन तासांपलीकडे भिजत ठेवली तर आंबूस वास धरते. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवून जाडसर वाटतात आणि तिच्यात कैरी मिसळतात. ती कोशिंबिरीपेक्षा घट्ट, मुठीत बांधता येईल अशी असते.

कलिंगडाचे दोन उपयोग. लाल गराच्या दोन सेंटिमीटरच्या फोडी, काकडी, पुदिना, काळे मीठ आणि लिंबू : यात कूट नाही, फोडणी नाही, आणि मीठ ताटात वाढल्यावरच. दुसरा उपयोग काटकसरीचा आणि चवीला त्याहून सरस : हिरवी साल काढून उरणारा पांढरा भाग किसून, पिळून, दही-कूट-फोडणी घालून केलेली कोशिंबीर. न सांगितल्यास खाणाऱ्याला ती काकडीचीच वाटते. रमजान उन्हाळ्यात आला की इफ्तारसाठी कलिंगड, खरबूज, द्राक्षे, डाळिंब यांची चाट होते. तिच्यात साखर आधी घातली तर मिठासारखेच पाणी सुटते.

कडू काकडी

काकडीचा कडूपणा कुकर्बिटॅसिन या द्रव्याचा. पाण्याचा ताण आणि कडक ऊन यांत वेलीवर तो वाढतो, म्हणून नेमकी मे महिन्यातली काकडी जास्त वेळा फसवते. तो देठाकडे आणि सालीलगत जास्त असतो. कापलेले टोक काकडीवर घासून फेस काढण्याची पद्धत घरोघरी आहे, पण खरा फायदा टोक दोन बोटे कापून टाकल्याचा आणि साल जाड काढल्याचा होतो. तरीही मधली चकती कडू लागली तर दही-साखरेने झाकू नये, काकडी टाकून द्यावी. फार कडू काकडीने पोट बिघडते.

स्वच्छता आणि उरलेली कोशिंबीर

कलिंगड, खरबूज कापण्यापूर्वी सालीसकट धुवावे. साल खायची नसली तरी सुरी तिच्यावरची माती गरात नेते. कापलेली फळे ३२ अंशांवरच्या हवेत तासाभराहून जास्त बाहेर ठेवू नयेत, आणि सोलापुरात एप्रिल-मेची प्रत्येक दुपार त्याहून गरम असते. गाड्यावरच्या आधीच कापून ठेवलेल्या फोडी म्हणूनच कोशिंबिरीला घेऊ नयेत.

कूट-फोडणी घातलेली, बिनदह्याची कोशिंबीर उरली तर लगेच फ्रीजमध्ये ठेवून त्याच संध्याकाळी धपाट्यांत संपवतात. वाटीभर कोशिंबिरीला दीड वाटी ज्वारीचे पीठ, अर्धी वाटी कणीक, पाव वाटी बेसन. पाणी आधी घालू नये, सुटलेल्या रसातच पीठ मळून पाहावे. मीठही कोशिंबिरीत असतेच, तेव्हा नेहमीच्या निम्मेच घालावे.