गुठळी ओढून काढणं आणि फुगा भरणं: थ्रॉम्बेक्टमी आणि कॉइलिंगमधला फरक

‘मेंदूची अँजिओप्लास्टी झाली’ असं नातेवाईक सांगतात, तेव्हा पेशंटला नेमकं काय झालं होतं ते त्यावरून कळत नाही. बहुतेक वेळा या दोनपैकी एक झालेलं असतं: थ्रॉम्बेक्टमी किंवा कॉइलिंग. दोन्हींत जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी, म्हणजे कॅथेटर, आत सरकवतात आणि एक्स-रेच्या पडद्यावर बघत मेंदूपर्यंत नेतात. कवटी उघडावी लागत नाही. सारखेपणा इथेच संपतो. थ्रॉम्बेक्टमीत तुंबलेली वाहिनी मोकळी करायची असते, तर कॉइलिंगमध्ये वाहिनीला आलेल्या फुग्यात रक्त जाणं थांबवायचं असतं.

थ्रॉम्बेक्टमी लागते ती मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाल्यावर. तोंड वाकडं होतं, एक हात लुळा पडतो, बोलणं अडखळतं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत देतात, पण मोठ्या वाहिनीतली गुठळी बऱ्याचदा त्याला दाद देत नाही. मग कॅथेटरमधून जाळीदार स्टेंट गुठळीत नेऊन उघडतात आणि काही मिनिटं तसाच ठेवतात, म्हणजे गुठळी जाळीत रुतते. नंतर जाळी गुठळीसकट मागे ओढायची. तुकडा सुटून पुढे जाऊ नये म्हणून त्याच वेळी सक्शन चालू असतं. काही ठिकाणी नुसत्या सक्शननेच गुठळी काढतात. हृदयातल्या स्टेंटसारखा हा स्टेंट सहसा आत राहत नाही, बाहेर येतो.

2015 साली लागोपाठ आलेल्या पाच चाचण्यांनी हे उपचार पक्के केले, तेव्हा मर्यादा मुख्यतः सहा तासांची धरली जायची. 2018 मध्ये निवडक पेशंटसाठी ती 24 तासांपर्यंत गेली. पण त्या 24 तासांवर विसंबून घरी थांबू नये. मेंदूचा किती भाग अजून वाचण्यासारखा आहे हे स्कॅनवर बघूनच ती सवलत मिळते आणि अनेकांना मिळतच नाही. म्हणून डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, पेशंट शेवटचा ठणठणीत कधी दिसला होता? झोपेतून उठल्यावर त्रास लक्षात आला असेल, तर झोपायला गेल्याची वेळ सांगायची, उठल्याची नाही.

कॉइलिंगची गोष्ट निराळी. सायकलच्या ट्यूबला कमजोर जागी फुगवटा यावा, तसा धमनीच्या फाट्याशी फुगा येतो. तो फुटला की मेंदूभोवती रक्त पसरतं आणि क्षणात असह्य डोकेदुखी सुरू होते, ‘आयुष्यात असं डोकं कधी दुखलं नव्हतं’ अशी. फुग्यात प्लॅटिनमची केसासारखी तार सोडतात. ती आत वेटोळी होऊन बसते, मग बारीक विद्युतप्रवाहाने तिचा सांधा विरघळवून ढकलणाऱ्या तारेपासून ती सुटी करतात. एकामागून एक अशा कॉइल भरल्या की आतलं रक्त गोठतं. गुठळी इथे आपण मुद्दाम करवतो! गुग्लिएल्मी या इटालियन डॉक्टरांनी ही सुटी होणारी कॉइल 1990 मध्ये पहिल्यांदा पेशंटमध्ये वापरली.

न फुटलेला फुगा योगायोगाने स्कॅनमध्ये सापडला, तर मात्र घाई नसते. आकार, जागा, वय, धूम्रपान, रक्तदाब बघून कधी नुसतं लक्ष ठेवणंच शहाणपणाचं ठरतं.

हा फरक घरच्यांना माहीत हवा, त्याला आणखी एक कारण आहे. छातीत दुखल्यावर देतात तशी अॅस्पिरिन अर्धांगाच्या पेशंटलाही देऊ, असं कुणीतरी सुचवतंच. सीटी स्कॅनआधी ती देऊ नका. गुठळी आहे की रक्तस्राव, हे बाहेरून बघून डॉक्टरांनाही खात्रीने सांगता येत नाही, आणि रक्तस्रावात अॅस्पिरिन घातक ठरू शकते.

घरी सोडल्यानंतरचा पाठपुरावाही वेगळा. कॉइल कालांतराने दबून फुगा पुन्हा भरू शकतो, म्हणून काही महिन्यांनी तपासणीची अँजिओग्राफी करतात. थ्रॉम्बेक्टमीनंतर शोध घ्यायचा तो गुठळी आली कुठून याचा, आणि त्यात हृदयाची अनियमित लय किंवा मानेतली अरुंद झालेली धमनी बऱ्याचदा सापडते.