‘दोष काढू नका’ म्हणजे गप्प बसा, असं नव्हे

इंदूरच्या आमच्या मराठी ख्रिस्ती घरांत कुणी चूक दाखवली की लगेच उत्तर येतं, “दोष काढू नका, येशूनंच सांगितलंय.” हे अर्धंच झालं. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात सातव्या अध्यायाच्या पहिल्या वचनावर (मत्तय 7:1) न थांबता पाचव्या वचनापर्यंत वाचा: आधी स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ काढ, मग भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला स्पष्ट दिसेल. म्हणजे कुसळ काढायचंच आहे! ते सलत असतं, तसंच राहू देणं ही माया नव्हे. मत्तय 18:15 तर अपराध करणाऱ्या भावाला एकांतात भेटून सांगायला लावतं. जावेला तिच्या रागाबद्दल बोलण्याआधी मी माझ्या तिखट जिभेची क्षमा मागितली, तेव्हा कुठे ती ऐकायला बसली.