पूरक आहार (अर्भकांचा)

पूरक आहार : दुधावर वाढणाऱ्या अर्भकाला दुधाच्या जोडीने दिले जाणारे घन व अर्धघन अन्न. बोलीभाषेत याला ‘वरचे खाणे’ म्हणतात. अंगावरचे दूध तोडणे ही वेगळी आणि पुष्कळ नंतरची गोष्ट. दोहोंची गल्लत झाली की दूध अकाली कमी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार पहिले ६ महिने फक्त आईचे दूध, त्यानंतर वरचे खाणे आणि स्तनपान २ वर्षे किंवा त्याहून अधिक काळ चालू ठेवावे.

६ महिन्यांच्या या हिशेबात मोठा वाटा लोहाचा आहे. गर्भात साठवलेले लोह साधारण तेवढ्या काळात सरत येते. आईच्या दुधातील लोह चांगले शोषले जाते, पण ते फार थोडे असते. म्हणून सुरुवातीपासूनच डाळी, अंडी, मांस किंवा लोहयुक्त केलेले धान्य हवे. गोड फळांचा गर बाळ आवडीने खाते, पण ही उणीव त्याने भरत नाही.

बाळ तयार आहे का, हे नुसत्या तारखेवरून ठरत नाही. त्याची मान स्थिर असते, ते आधाराने बसते, दुसऱ्याच्या घासाकडे झेपावते आणि चमच्यातले अन्न जिभेने बाहेर ढकलत नाही. ढकलण्याची ही प्रतिक्षिप्त क्रिया ४ ते ६ महिन्यांदरम्यान मावळते. मूठ चोखणे किंवा रात्री जागणे एवढ्यावरून मात्र काही ठरवू नये.

सर्वांत सहज होणारी चूक पातळपणाची. स्तनपान चालू असलेल्या ६–८ महिन्यांच्या बाळाला वरच्या खाण्यातून दिवसाला सुमारे २०० किलोकॅलरी लागतात, ९–११ महिन्यांत ३००, तर दुसऱ्या वर्षी ५५०. इवल्याशा पोटात पाणीदार पेज भरली तर पोट तट्ट फुगते, पण पोषण होत नाही. चमचा तिरका केल्यावर लगेच ओघळणार नाही इतपत घट्टपणा असावा. पुढे मऊ गुठळ्या याव्यात. ९–१० महिन्यांपर्यंत सगळे गुळगुळीतच दिले, तर नंतर चावून खाण्याबाबत कुरकुर वाढते.

गुठळी आली की बाळाला उमासे येतात आणि घरातल्यांचा धीर सुटतो. उमाशाला आवाज असतो, चेहरा लाल होतो, बाळ खोकते. घास तोंडात पुढे आणण्याची ही नैसर्गिक सोय आहे. खरे गुदमरणे बहुधा निःशब्द असते. अख्खे दाणे, अख्खी द्राक्षे आणि कच्च्या गाजराचे कडक तुकडे म्हणूनच वर्ज्य.

शेंगदाण्याबाबतचा सल्ला तर उलटाच झाला. अ‍ॅलर्जीचा धोका असलेल्या बाळांना तो ३ वर्षांपर्यंत देऊ नये, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना २००० साली सांगत होती. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, लवकर आणि नियमित शेंगदाणा खाल्लेल्या अशा मुलांत त्याची अ‍ॅलर्जी फारच कमी आढळली. (तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.) मध मात्र १ वर्षापर्यंत नकोच, त्यातील जिवाणूंचे बीजाणू बाळाच्या आतड्यात वाढून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. मीठ-साखरेची बाळाला गरज नसते.

पहिल्यांदा थुंकलेली भाजी आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा पुढे आल्यावर स्वीकारली जाते. मात्र ती पुढे करावी, कोंबू नये. मान फिरवली की तो घास संपला. अमेरिकन डॉक्टर क्लारा डेव्हिस यांनी १९२८ मध्ये, नुकतेच दूध सुटलेल्या बाळांना स्वतःच अन्न निवडू दिल्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. बाळांची जेवणे विचित्र असत, तरी ती उत्तम वाढली. अर्थात समोरच्या ताटात साखर नव्हतीच.