ग्रॉस स्पीड की नेट स्पीड? टायपिंग टेस्टमधला कुठला आकडा धरायचा

एका ठिकाणी टेस्ट दिली तर स्पीड ४० येतो आणि दुसरीकडे ३२, मग वाटतं की आपला हात आज चालत नाहीये. बऱ्याचदा हाताचा काही दोष नसतो, पहिल्या ठिकाणी ग्रॉस स्पीड दाखवलेला असतो आणि दुसरीकडे नेट.

आधी एक गोष्ट, टेस्टमधला "शब्द" म्हणजे खरा शब्द नाही, स्पेस धरून ५ की (कीबोर्डवरची बटणं) दाबल्या की एक शब्द मोजतात. आता समजा ५ मिनिटांत १००० की दाबल्या, म्हणजे २०० शब्द, म्हणजे मिनिटाला ४०. हा झाला ग्रॉस, यात बरोबर-चूक कोणी बघतच नाही, तुम्ही डोळे मिटून काहीही बडवलं तरी आकडा येणार. नेट काढताना न सुधारलेल्या चुका मिनिटामागे वजा होतात. त्या १००० मध्ये ४० चुका तशाच राहिल्या तर मिनिटाला ८ गेल्या, उरले ३२.

आणि गंमत बघा, इथे अ‍ॅक्युरसी, म्हणजे बरोबर दाबलेल्या कींचं प्रमाण, ९६ टक्के आहे! परीक्षेत ९६ मिळाले तर पेढे वाटतो आपण, पण टायपिंगमध्ये ९६ म्हणजे दर २५ कींमागे एक चूक, म्हणजे साधारण दर पाचव्या शब्दात गडबड, असं पान कोणाला देता येईल का?

मग लोक म्हणतात बॅकस्पेस आहे की. आहे, पण चुकीची की, मग बॅकस्पेस, मग बरोबर की, एका अक्षराला तीन वेळा बोट उचललं, आणि चूक बहुतेक वेळा तीन-चार अक्षरं पुढे गेल्यावर दिसते, तेवढं सगळं खोडून परत लिहायचं, त्यात हाताची लय जाते ती वेगळीच. काही टेस्ट सुधारलेली चूकसुद्धा अ‍ॅक्युरसीत धरतात, काही फक्त शेवटी उरलेली, त्यामुळे ते आधी बघून घ्या, नाहीतर दोन टेस्टची तुलना करून उगाच मन खट्टू होतं.

माझं स्पष्ट मत आहे की प्रॅक्टिस करताना ग्रॉसकडे बघूच नये. एफ आणि जे या कींवर जे छोटे उंचवटे असतात त्यांवर दोन्ही हातांच्या तर्जनी ठेवायच्या, नजर स्क्रीनवर, आणि मुद्दाम इतकं हळू टाइप करायचं की अ‍ॅक्युरसी ९८ च्या खाली जाणार नाही. सुरुवातीला फार कंटाळवाणं वाटतं, स्पीड कमी झाल्यासारखा पण वाटतो, तरी सोडू नका, कारण घाईत शंभरदा चुकीचं बोट गेलं तर हाताला तेच वळण लागतं आणि ते मोडायला नंतर दुप्पट वेळ जातो. कुठली अक्षरं सारखी चुकतात ती लिहून ठेवा आणि ती ज्यात येतात असेच शब्द घ्या, रोज १५-२० मिनिटं पुरे, रविवारी एकदम दोन तास बसण्यापेक्षा हे बरं. आठवड्यातून एकदाच ५ मिनिटांची टेस्ट द्या आणि नेटचा आकडा तारखेसकट वहीत लिहा.